सीताबाईची हिरवी बांधी

चिचटोल्यात त्या वर्षी हिवाळा आला तो हात हलवतच आला. धान पोटरीवर असताना दसऱ्याच्या आसपास एक पाऊस पडतो, तो पडलाच नाही. धान कसेबसे घरात आले, पण मागची लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचे पीक, फसली. धान उभे असतानाच बांध्यांच्या, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यांच्या, चिखलात लाखोळीचे बी फेकायचे, मग धान कापून न्यायचे आणि मागे राहिलेल्या ओलीवर लाखोळीने आपले आपण वाढायचे, ही इकडची जुनी रीत. त्या वर्षी मागे ओलच राहिली नव्हती. डिसेंबरात गावाच्या बांध्या आजारी म्हाताऱ्याच्या दाढीसारख्या दिसत होत्या. इथे चार केस, तिथे दोन, मध्ये नुसती कातडी. तलावात एका म्हशीला बसता येईल एवढेच पाणी उरले होते, आणि तीही उठून जायच्या विचारात दिसे.

हिरवी होती ती एकच बांधी. तलावाच्या पाळीला, मातीच्या बांधाला, लागून, खालच्या अंगाची. सीताबाईची.

सीताबाईचे वय शहात्तर. अंगाने काटकुळी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि तोंडात सुपारीचे खांड. मुलगा-सून बल्लारपूरला कामाला. घरात नातू राजदीप, नातसून रिना आणि त्यांची दोन वर्षांची चिमी. सीताबाईला पाणी समजते, असे गावात सगळे मानत, आणि ती स्वतः तर फारच मानत असे. कोणी विचारले, "आजी, पाणी येईन काय?" की ती उत्तर देत नसे. काठी घेऊन बांधीवर जायची, पाळीच्या पायथ्याशी बेशरमाच्या झुडपात पाच मिनिटे दिसेनाशी व्हायची, आणि परत येऊन आभाळाकडे बघत म्हणायची, "होळीपर्यंत नाव काढू नको."

"मोबाइलवाला बी तेच सांगून राह्यला, आजी," राजदीप म्हणे. "पुढचे पंधरा दिवस कोरडे."

"मंग माझ्याकूनच शिकला असंल तो."

आपली लाखोळी का हिरवी, याचेही तिच्याकडे उत्तर तयार असे. "हात लागते, बापू. बी सारेच फेकते. हात लागते."

दर हिवाळ्यात त्या बांधीतली पहिली टोपलीभर भाजी रुखमाबाईच्या घरी जायची. रुखमाबाई तिच्याच वयाची, तिच्याच वर्षी लग्न होऊन गावात आलेली. दोघी दिवसातून दोनदा भांडत आणि तिसऱ्यांदा एकमेकींकडे सुपारी मागायला जात. पण पंचावन्न वर्षांत टोपली चुकली नव्हती. शाळेतल्या गुरुजींनी तर एकदा सव्वीस जानेवारीच्या भाषणात या टोपलीचे उदाहरण दिले होते. तेव्हा दोघी म्हाताऱ्या मागे बसून पदरात तोंड घालून हसत होत्या. का, ते कोणाला कळले नाही.

*

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तालुक्याच्या गावाहून, सावलीहून, मोनाली आली. ती कृषी सहायक. स्कूटीच्या पायाशी चार खुंट्या आणि सुतळीचे बंडल. ग्रामपंचायतीपुढच्या कडुनिंबाखाली लोक जमले.

"गट नंबर एकशे बेचाळीस कोणाचा?" तिने कागद बघून विचारले.

सरकारी माणसाने घरोघरच्या संडासाची चौकशी केल्यावर पडते तसली शांतता पडली.

"म्याडम," धनराज पुढे झाला. त्याची बायको पुनम सरपंच होती. तिने बोलायचे काम नवऱ्याकडे दिले होते आणि ठरवायचे आपल्याकडे ठेवले होते. "एकशे बेचाळीस काऊन? एकशे त्रेचाळीस घ्या ना. माझाच हाय. भल्ला सुंदर वाळला हाय."

"मी नाही काढत नंबर, धनराजभाऊ. कम्प्युटर काढतो. गावातलं एक कोरडवाहू शेत नमुना म्हणून निघतं. मी आज खुंट्या ठोकते. तीन आठवड्यांनी शनिवारी येईन, तेवढ्या तुकड्यातली झाडं मोजीन, शेंगा मोजीन, फोटो काढीन. त्यावरून गावाच्या पिकाचा अंदाज वर जाईल."

"एका शेतावून साऱ्या गावाचा?"

"एका शेतावरून."

लोकांनी एकमेकांकडे पाहिले आणि मग सगळ्यांनी मिळून सीताबाईकडे पाहिले. ती सुपारी चघळत उभी होती. एवढ्या वर्षांत सरकारला अखेर चांगले शेत कोणते हे कळले, असा तिचा चेहरा होता.

खुंट्या ठोकून, सुतळी ताणून मोनाली गेली. ती गेल्याबरोबर धनराजने डोक्याला हात लावला. गाव दुष्काळाच्या यादीत लागले असते तर तलावाच्या गाळाचे काम निघाले असते. गाळ निघाला असता तर हाताला गावातच काम, आणि पुढच्या वर्षी तलावात पाणी. यादीत लागले नाही, तर जानेवारीत निम्मे गाव मिरची तोडायला तेलंगणात. दर तुटीच्या वर्षी जात होतेच.

"अन् आता तो फोटो जाईन वर," धनराज म्हणाला. "सायेब पाहीन अन् म्हणीन, बाप्पा, चिचटोल्यात तं काश्मीर हाय!"

*

दुसऱ्या दिवशी तो सीताबाईच्या अंगणात येऊन बसला.

"आजी, गावासाठी एक करशील काय?"

"काय गा?"

"चार शेळ्या सोडू दे बांधीत. चार तास फक्त."

"शेळी माझ्या धुऱ्यावर चढली ना," सीताबाई शांतपणे म्हणाली, "तं शेळीच्या मालकाले शेळीसारखं ओरडाले लावीन."

धनराजने तिथल्या तिथे दुसरा बेत काढला. "बरं, शेळ्या नाई. भाजी? गावातल्या साऱ्या बाया येऊन भाजी खुडतीन. भाजी खुडाले तं तू कोणाले नाई म्हणत नाई."

ते खरे होते. लाखोळीचे कोवळे शेंडे मागितले तर नाही म्हणायचे नाही, ही चाल सासूच्या वेळेपासूनची. सीताबाईने सुपारी या गालातून त्या गालात नेली. आत मोठ्ठे हसू फुटत होते, ते तिने सुपारीखाली दाबले.

"खुडा म्हणा बायांले," ती म्हणाली. "पण नुसते शेंडे. मुळाले हात लावला तं याद राख."

"शेंडेच, आजी, शेंडेच!" धनराज उठता उठता दोनदा पाया पडला.

धनराजचे बालपण हॉस्टेलात गेले होते आणि शेती ट्रॅक्टरवर बसून झाली होती. गावातल्या कुठल्याही म्हातारीला त्याने विचारले असते तर तिने सांगितले असते, की लाखोळीचा शेंडा खुडला की एकाला दोन फुटतात आणि दोनाला चार. खुडलेली लाखोळीच दाट होते. पण त्याने विचारले नाही. आणि म्हाताऱ्यांनी सांगितले नाही, कारण पंधरा वर्षांत इतकी मजेची गोष्ट गावात घडली नव्हती.

दोन दिवस खुडणी चालली. बाया ओट्याच ओट्या भरून नेत होत्या. घरोघर कण्या घालून लाखोळीची पातळ भाजी शिजली. तिसऱ्या दिवशी लोक ताटाकडे बघून उसासे टाकू लागले. बांधी कातरलेल्या मेंढीसारखी दिसायला लागली. धनराजने तिच्यासमोर उभे राहून मोबाइलवर आपला फोटो काढला. रुखमाबाई धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, बसून एवढी हसली की तिला ठसका लागला.

"सीते, पाप लागंल वं तुले."

"म्या काय केलं? त्यानं मागतलं, म्या देल्लं."

सीताबाईच्या मनात पाप नव्हतेच. यादीवर तिचा विश्वास नव्हता एवढेच. ती नवरी होऊन आली त्या वर्षीही तलावाचा गाळ निघणार होता. तिचा मुलगा झाला त्या वर्षीही निघणार होता. बुढा, तिचा नवरा, गेला तेव्हा मातीला आलेल्या कोण्या पुढाऱ्याने तोच गाळ पुन्हा काढून दाखवला होता, तोंडाने. मग न निघणाऱ्या गाळासाठी आपल्या बांधीचा मेलेला फोटो का जाऊ द्यायचा? खाली नाव कोणाचे लागणार? सीताबाईचे!

सतरा दिवसांनी बांधी गादी झाली होती. पाय ठेवला तर पाऊल दिसत नव्हते, आणि वर निळ्या-जांभळ्या फुलांची नुसती शिंपडण. धनराज धुऱ्यावर उभा राहिला. त्याचे तोंड उघडे ते उघडेच.

"आजी," शेवटी तो म्हणाला, "तुले माहीत होतं!"

"तू इचारलं काय? भाजी खुडू का, म्हनलास. खुडल्यावर वाढते का, असं कुठी इचारलं?"

*

ही मजा बुधवारी दुपारपर्यंत टिकली.

बुधवारी दुपारी सीताबाई घरी आली, तेव्हा रिना धानाच्या रिकाम्या पोत्यात भांडी भरत होती. गंज, तवा, दोन ताटल्या, चिमीची वाटी. राजदीप दोरी शोधत होता आणि आजीकडे बघायचे टाळत होता.

"हे काय वं?"

"मुकादमाची गाडी येते रविवारी," रिना म्हणाली. "नाव देऊन आले हे. मिरची तोडाले."

"राजदीप तं एकटाच जाते दरसाल."

"औंदा दोघंबी. दोघं गेलं तं लवकर परतता येते."

"अन् चिमी?"

"संगं नेतो."

सीताबाई ओट्यावर बसली. गेल्या साली राजदीप परत आला तेव्हा त्याच्या बोटांची आग आठ दिवस गेली नव्हती. ताकात हात बुडवून बसायचा. तिथे प्लॅस्टिकच्या पालात राहायचे, पाणी टँकरचे, हवेत सगळा तिखटाचा खकाणा. दोन वर्षांच्या पोरीचे डोळे.

"इथीच ठेव चिमीले. मी हाय ना."

"आजी, तुमी स्वतःच काठीवर चालता. ते पळाली तं पकडान काय?" रिना पोते दाबत होती. मग तिचे हात थांबले. "मले काय हौस हाय जायाची? पण शनिवारी म्याडम येतीन, तुमची बांधी मोजतीन, अन् गाव यादीतून गेलं. मंग इथी बसून काय करू? तुमच्या लाखोळीकडं पाहत राहू?"

रिना टोचून बोलणारी नव्हती. म्हणून ते जास्त लागले.

चिमी घरातून सीताबाईची एक चप्पल ओढत घेऊन आली आणि तिच्या मांडीवर ठेवली. हा तिचा रोजचा खेळ. दुसरी चप्पल आणायला ती पुन्हा आत गेली. सीताबाई त्या एका चपलेकडे बराच वेळ बघत बसली. मग तिने दोन्ही घातल्या, काठी उचलली आणि रुखमाबाईच्या घरची वाट धरली.

*

रुखमाबाई अंगणात पोपटवालाच्या शेंगा सोलत होती.

"बिळाचं सांगून टाकतो म्हणतो," सीताबाईने बसायच्या आधीच सांगितले.

रुखमाबाईच्या हातातली शेंग खाली पडली.

ती गोष्ट पंचावन्न वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली. दोघी तेव्हा नव्या सुना होत्या. रुखमाबाईच्या सासूला बौद्ध वस्तीतल्या सीताबाईशी तिचे बोलणे खपत नसे, तलावावर पाणी भरायचे घाटही वेगळे. म्हणून दोघी भेटायच्या त्या पाळीच्या पार टोकाला, बेशरमाच्या आड, जिथे कोणी येत नसे. तिथे खेकड्यांची बिळे होती. एका सकाळी एक मोठा खेकडा आत पळाला, आणि दोघी हट्टाला पेटल्या. आधी बोटाने, मग काडीने, मग बुढ्याच्या सब्बलीने, म्हणजे पहारीने, त्यांनी बीळ कोरले. खेकडा काही सापडला नाही. सापडले ते पाणी. तलावातून, पाळीच्या पोटातून, बोटाएवढी धार सीताबाईच्या बांधीत यायला लागली.

दोघींनी घाबरून वर दगड ठेवला. धार थांबली नाही, पण दिसेनाशी झाली. त्या वर्षी सीताबाईची लाखोळी अशी आली की सासूने पहिल्यांदा तिचे कौतुक केले. मग सांगायचे राहिले. दुसऱ्या वर्षी सांगायला उशीर झाला होता, आणि तिसऱ्या वर्षी तर हातगुणाचे नाव झाले होते. रुखमाबाई गप्प राहिली. फक्त थंडी पडली की एक टोपली भाजी मागायची. आणि आभाळाचा अंदाज? दगडाखालची धार जाड की बारीक, हे बघून तलावात किती दिवसांचे पाणी उरले ते सीताबाईला कळायचे; पावसाचे ती त्यावरूनच ठोकून द्यायची. आभाळाकडे ती नुसती शोभेला बघत असे.

"पंचावन साल मी तोंड शिवून बसली," रुखमाबाई म्हणाली, "अन् तू आता म्हाताऱ्या वयात सांगतं?"

"चिमीले मिरचीत घेऊन चालले वं."

रुखमाबाईने पडलेली शेंग उचलली. सोलली. दाणे सुपात टाकले.

"सांग मंग. पण माझं नाव घेशील नको. माझे नातू मोठे झाले, लगनाचे झाले. आजीनं तलाव फोडला म्हणतीन लोक."

"नाई घेत."

"चिमीची शपथ?"

"चिमीची."

*

शनिवारी सकाळी मोनाली आली, तेव्हा धुऱ्यावर गाव उभे होते. पाळीवर जुना पाणकर रामाजी उकिडवा बसला होता. तीस वर्षे तलावाचे तोंड उघडणे आणि बंद करणे त्याच्या हातात होते, आणि तीस वर्षे तलाव वेळेआधी आटला की गाव म्हणत आले होते, रामाजीने तोंड नीट बंद केले नाही. त्याच्या शेजारी रिना चिमीला कडेवर घेऊन उभी होती.

मोनालीने सुतळीच्या आत पाऊल टाकले आणि थबकली. वाकून तिने एक झाड धरले, फांद्या मोजल्या, शेंडा बघितला. मग मातीत दोन बोटे घातली.

"आजी, हे खुडलेलं आहे."

"हो."

"कोरड्या जमिनीत खुडलं तर झाड मरतं. हे चौपट फुटलंय. आणि खाली ओल आहे, या वर्षी, जानेवारीत. कसं काय?"

सगळे गाव सीताबाईकडे वळले. उत्तर सगळ्यांना पाठ होते. हात लागते, बापू. सीताबाईच्याही ते जिभेवर आले, सवयीने. एवढे दोन शब्द बोलले की मोनाली झाडे मोजून निघून गेली असती, आणि सीताबाई मरेपर्यंत पाणी समजणारी बाई राहिली असती. वर पाळीवर चिमीने तिला बघितले आणि हातातली चप्पल दाखवली. आजीची दुसरी चप्पल. सीताबाई एका पायात चप्पल घालूनच घरून निघाली होती, हे तिच्या आता लक्षात आले.

"ते ओल माझी नाई, म्याडम," ती म्हणाली. "तलावाची हाय."

"म्हणजे?"

"धनराज, ये गा इकडं. तो बेशरम बाजूला कर. आता तो दगड उचल."

धनराजने दगड उचलला. खाली मनगट जाईल एवढे भोक होते. त्यातून करंगळीएवढी धार निघाली आणि मुकाट्याने, वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या वाटेने, सीताबाईच्या बांधीत शिरली.

धुऱ्यावरचे लोक वाकून बघू लागले. मग पाळीवरून रामाजीचा आवाज आला.

"बुढे! हे कवाचं हाय?"

"पंचावन साल झाले. खेकड्यापायी म्या कोरलं."

"अन् गावानं तीस साल मले शिव्या देल्ल्या! तोंड बंद नाई केलं, रामाजी झोपला, रामाजीनं मासे धरले..."

"मी नाई देल्ल्या गा, रामाजीभाऊ," सीताबाई कळकळीने म्हणाली. "आठवून पाहा. सारं गाव देत होतं. मी एक बी दिवस नाई देल्ली."

रामाजीने खरेच आठवून बघितले. मग त्याच्या छातीतून घरघर सुरू झाली. लोकांना वाटले आता हा पडतो, म्हणून दोघे धावले. पण तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता, आणि मध्येच थांबून पुन्हा शिवी हासडत होता.

"मंग हातगुण?" धनराज हातात दगड घेऊन तसाच उभा होता. "आजी, आमी तुले पाण्याचं इचारत होतो! मी ट्रॅक्टरची तारीख तुले इचारून ठरवत होतो!"

"चुकली होती काय कवा?"

धनराजने दगड या हातातून त्या हातात घेतला. चुकली नव्हती.

"पण एकटीनं एवढं बीळ कोरलंत, आजी?" मोनालीने खाली वाकून मोबाइलच्या उजेडात आत बघितले. "पाळ इथे केवढी रुंद आहे. कमाल आहे तुमची!"

"बाप्पा! पंचावन वर्षं कोणाले पत्ता नाई!" गर्दीतून कोणी म्हणाले. "बुढी जबर निघाली!"

सीताबाईने मान खाली घातली, पण पुरेशी खाली नाही. तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

"खोटं हाय!" रुखमाबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली. "एकटीनं कुठी? पहिली काडी कोणी घातली? म्या! खेकडा कोणाले दिसला? मले! हिले तं खेकड्याच्या नांगीची भीती वाटत होती. बेशरमाआड जाऊन बसली होती."

"रुखमे, तूच तं शपथ..."

"खड्ड्यात गेली शपथ! अन् सब्बल? अर्धं बीळ माझ्या सब्बलीचं हाय."

"सब्बल आमच्या बुढ्याची होती!"

"हात कोणाचे होते?"

रुखमाबाईचे लग्नाचे दोन नातू गर्दीतून हळूहळू मागे सरकत गेले आणि दिसेनासे झाले. दोन्ही म्हाताऱ्या बिळाच्या तोंडाशी एकमेकींसमोर काठ्या रोवून उभ्या होत्या, आणि खालून पाणी दोघींचेही पाय भिजवत वाहत होते.

मोनालीने कागद काढला. "हे बघा, हे शेत ओलिताचं निघालं. कोरडवाहूच्या नमुन्यात हे बसत नाही. तसं मी लिहिते. आजी, इथे सही करा."

सीताबाईने सही केली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली चार अक्षरे आणि त्यांच्या काना-वेलांट्या, एकेक करून, घाई न करता. रुखमाबाई म्हणाली, मीही करते. तिला जागा नव्हती, तरी तिने समासात केली.

"आता पुढचा नंबर. एकशे त्रेचाळीस."

"या म्याडम, या!" धनराजने दगड टाकून दिला आणि लग्नघरी पाहुण्यांना नेतात तसा तो मोनालीला आपल्या बांधीवर घेऊन गेला. तेवढ्याच मापाच्या तुकड्यात बारा झाडे निघाली. त्यातले एक गवत होते.

*

यादीचे काय ते वर ठरणार होते, आणि वरचे वर कधी ठरते ते कोणाला माहीत. पण पाळीला एवढे मोठे भोक आहे, ही गोष्ट मात्र कोणाच्या यादीसाठी थांबणारी नव्हती. तलाव आटत आला होता तोवरच ते बुजवता येणार होते. पुढच्या पावसात पाळ फुटली तर खालच्या सगळ्या बांध्या गेल्या असत्या.

रविवारी सकाळी मुकादमाची गाडी आली. राजदीपने पोते गाडीत टाकले, एक पाय वर ठेवला. तेवढ्यात पुनम आली. सरपंच झाल्यापासून ती पहिल्यांदाच चारचौघांत बोलली, आणि धनराज तिच्या मागे वही घेऊन उभा होता.

"मंगळवारपासून पाळीचं काम सुरू," ती म्हणाली. "रोजगार हमीत. पाळीचं झालं की त्याच कामात पुढचा गाळ. ज्याले राहाचं हाय त्यानं आत्ताच नाव द्या."

राजदीपने रिनाकडे बघितले. रिनाने गाडीत हात घातला आणि पोत्याची दोरी धरून ओढली. पोते धपकन खाली आले. आतला तवा वाजला, आणि चिमीने टाळ्या पिटल्या.

काम महिना-दीड महिना चालले. बीळ उकरत उकरत गडी पाळीच्या पोटात शिरले, तेव्हा आतून तळहाताएवढा एक खेकडा तिरका चालत बाहेर आला आणि लोकांच्या पायांतून तलावाकडे निघून गेला.

"हा तोच!" रुखमाबाई ओरडली.

"पंचावन वर्षं खेकडा जगते काय वं?" रामाजी म्हणाला.

"मंग त्याचा पणतू असंल. चालणं तेच हाय."

काळी माती ठोकून बीळ बंद झाले. सीताबाईच्या बांधीतल्या शेंगा तोवर भरल्या होत्या, तेवढे बरे. पण मार्चच्या आधीच बांधी चारही बाजूंच्या बांध्यांसारखी झाली, पिवळी, भेगाळ. पाळीवरून बघितले तर कुठली कोणाची ते ओळखू येत नव्हते. सीताबाई कधीतरी जाऊन तिथे उभी राहायची. कोणी सवयीने विचारलेच, "आजी, पाणी येईन काय?" तर म्हणायची, "मले काय माहीत? मोबाइलवाल्याले इचार."

होळीच्या आदल्या दिवशी ती चिमीला हाताशी धरून पाळीवरून चालली होती. कोणी कोणाला धरले होते, ते सांगणे कठीण. दुसऱ्या टोकाला ती थांबली. पाळीच्या कडेला, खेकडा बीळ कोरताना काढतो तशा, ओल्या मातीच्या ताज्या गोळ्यांची छोटीशी रास होती, आणि तिच्या मध्ये बोट जाईल एवढे गोल भोक. सीताबाईने खाली बघितले. त्या टोकाखालची बांधी रुखमाबाईची होती.

"काय पाहून राह्यली वं तिथी?" रुखमाबाई खालून ओरडली. "सीते! पाहू नको तिकडं!"

सीताबाईने काठीचे टोक भोकाच्या तोंडाशी टेकवले आणि सुपारी या गालातून त्या गालात नेली.

"काई नाई. टोपलीभर भाजी कवा पाठवतं, तेवढं सांग."

"आधी बुजव!"

सीताबाईने टाच ठेवून भोक दाबले. मग चिमीने दाबले, दोन्ही पायांनी, उड्या मारून मारून, आजी थांब म्हणेपर्यंत.